पदराआडून भरवलेल्या कण्या

काल दुपारी नातसुनेनं मोबाईलवर एक सिनेमा लावून दिला. माणूस सगळा लुळा पडलेला, वाचा गेलेली, फक्त एक पापणी हलते… आणि तेवढ्यावर तो सगळं बोलतो! (हो, हे मीच लिहितेय. दुसरीपर्यंत शाळा, एकेक अक्षर बोटानं शोधते… लय मजा येते.)

सिनेमा संपला आणि माझे सासरे, मामंजी आठवले.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. पिंगळीहून लग्न होऊन वालूरला आले, तेव्हा मला तेरावं लागलेलं. वर्षभरात मामंजींना लकवा मारला, वाचाही गेली. सासूबाई दिवसभर शेतात, भरवायचं काम माझ्याकडं… ज्वारीच्या कण्या, दूध घालून पातळ. ताक चालायचं नाही, ठसका लागायचा.

सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, अशी आमच्यात रीत. नाकापर्यंत पदर ओढून मी नुसत्या हनुवटीकडं बघत भरवायची.

एक दिवस पदर सरकला. बघते तर मामंजी माझ्याकडं बघून एक डोळा मिचकावायलेत… म्हातारपणी ही थेरं! वाटी तिथंच आदळली. सासूबाईंना सांगितलं, मी आता भरवणार नाही. कारण सांगायची लाज वाटली.

दोन दिवस मामंजी संध्याकाळपर्यंत उपाशी. सासूबाई आल्या की मगच घास.

तिसऱ्या दिवशी माझी आठ वर्षांची नणंद सोना वाटी घेऊन बसली. मी चुलीपाशी. तिनं विचारलं, "आबा, कढत हाय?" डोळा मिटला. तिनं फुंकर घातली, परत विचारलं. डोळा उघडाच. मग त्यांनी घास घेतला.

सोना माझ्याकडं वळली. "वैनी, आबा रोज सांगायलेत. तुमी वर बघतच न्हाई."

म्हणजे रोज त्यांचं तोंड भाजत होतं… माझ्या हातानं. आणि मी काय समजले!

दुसऱ्या दिवसापासून पदर मागं सारून भरवलं. सासूबाईंनी बघितलं आणि खुरपं उचलून शेतात गेल्या. पण "मामंजी, रागावलात का?" एवढं काही माझ्याच्यानं विचारवलं नाही. डोळा मिटला असता, नाहीतर नसता. चार महिने ते होते… मी विचारलंच नाही.

आता नातसून चहा देते आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारते, "आजी, गरम आहे का?" मी मुद्दाम लवकर उत्तर देत नाही… ती तशीच बघत थांबते. लय बरं वाटतं.