तीन सेंटीमीटरची फट

येत्या महिन्यात सेतुमाधवरावांना साठ पूर्ण होतात. त्यांच्या साठीशांतीला इथल्या, तमिळ मुलखातल्या, आपल्या मराठी मंडळींनी एक लहानशी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि त्यांच्याविषयी दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बी.ए. झालेली, देवनागरी लिहिणारी, त्यांच्याच गल्लीत राहणारी. शिवाय आमचे हे इंजिनियर, सेतुमाधवरावांचे वरिष्ठ होते. "राजमबाई, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" असं मंडळी म्हणाली. ते खरं आहे, आणि म्हणूनच हे लिहिणं मी तीनदा टाळलं.

सेतुमाधवराव शहराच्या बांधकाम खात्यात ओव्हरसीयर होते. बुटके, अंगात खाकी कोट, खिशात लाकडी घडीची पट्टी. डाव्या पायाला हत्तीरोग, त्यामुळे पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. "डासांनी माझ्याकडून भाडं वसूल केलं," असं ते म्हणायचे. साचलेल्या पाण्यावर त्यांचा राग होता तो तेव्हापासूनचा. गटारात पाणी थांबलेलं दिसलं की ते तिथेच थांबायचे.

नव्या गटाराचा उतार ते फुलानं तपासायचे. गल्लीच्या खालच्या टोकाला अलमेलु राहायची, फुलं विकणारी. तिच्याकडचं कालचं सुकलेलं फूल घ्यायचं, वरच्या टोकाला पाण्यात सोडायचं आणि हातात घड्याळ धरून त्याच्या बरोबरीनं लंगडत चालायचं. फूल जिथे रेंगाळलं तिथे खडूची खूण.

"आज कुणाचं लग्न हो, सेतुमाधवराव?" बायका विचारायच्या. "वरात कुठवर?"

"अलमेलुच्या दारापर्यंत. तिथून पुढे नवरी तिची ती जाईल."

"मला कशाला ती नवरी, सामी?" अलमेलु खालून ओरडायची. "तुमची गटारातली नवरी तुम्हीच ठेवा!"

त्या काळात फूट-इंच जाऊन मीटर-सेंटीमीटर येत होते. शहरातले रस्ते, गटारं, पूल कसे बांधायचे याचं इंग्रजांच्या वेळचं जाड पुस्तक होतं. त्यातली सगळी मापं बदलायची होती. बाकीचे लोक तक्ता समोर ठेवून इंचाचे सेंटीमीटर करत बसले. सेतुमाधवराव म्हणाले, माप बदलतोच आहोत तर चूकही बदलू या. त्यांनी पट्टीच्या एका बाजूवर सेंटीमीटरचा कागद चिकटवला. "सरकारनं माझी उंची वाढवली," ते मला म्हणाले. "काल पाच फूट तीन होतो, आज एकशे साठ झालो."

त्यांना उघडी गटारं झाकायची होती. साठ सेंटीमीटरच्या सिमेंटच्या फरश्या, आणि दर पाच फरश्यांनंतर दहा सेंटीमीटरची मोकळी फट. रस्त्यावरचं पावसाचं पाणी फटीतून आत जाईल आणि गाळ साचला तर तिथूनच सळई घालून मोकळा करता येईल. या फटी कधीही भरू नयेत, असं त्यांनी मसुद्यात लिहिलं होतं. नव्या पुस्तकासाठी नेमलेल्या समितीनं ठरवलं की आधी एक गल्ली अशी बांधून पाहू. एक पावसाळा नीट गेला तर हे पान नव्या पुस्तकात येईल आणि सगळ्या शहराला लागू होईल. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती, तिला एक वर्ष उरलं होतं. वीस वर्षं जे सांगत आले ते एका पावसावर ठरणार होतं. गल्ली त्यांनी आमचीच निवडली आणि पावसाआधी फरश्या बसवून घेतल्या.

ते १९६२ साल होतं. माझी भुवना तीन वर्षांची होती. तिच्या आधीचं मूल माझ्या हाती लागलं नव्हतं, त्यामुळे मी तिला फार जपायची. दूध दोनदा उकळायची, झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून पाहायची. "राजमबाईंची लेक काचेची," असं शेजारी म्हणायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढचं कळावं म्हणून सांगते.

नवरात्राच्या दोन दिवस आधी भुवनाचा पाय त्या फटीत गेला आणि अडकला. पाय सोडवताना घोट्याची कातडी सोलली. जखम तेवढीच होती, पण तिची किंकाळी दिवसभर माझ्या कानातून जाईना. नवरात्रातली बाहुल्यांची आरास, गोलू, मांडून झाली होती. नऊ दिवस संध्याकाळी बायका लेकरं घेऊन येणार होत्या. सेतुमाधवरावांचं घर चार दारं पलीकडे होतं. त्यांना जाऊन सांगायला मला दोन मिनिटं लागली नसती.

मी शेजारच्या गल्लीत काम करणाऱ्या रामस्वामी गवंड्याला बोलावलं. "पोरीचा पाय अडकला. आमच्या दारापुढच्या तीन फटी सिमेंटनं भरून टाक."

तो डोकं खाजवू लागला. "ओव्हरसीयर सामी ओरडतील, अम्मा. भरू नका म्हणून बजावलंय."

"मोठ्या साहेबांनीच सांगितलंय."

साहेबांना, म्हणजे ह्यांना, यातलं काहीच माहीत नव्हतं. ते कुंभकोणमला गेले होते.

"मग ओव्हरसीयर सामींना कोण सांगणार?"

"त्यांना मी सांगते."

त्यानं फटी भरल्या. माझ्या सांगण्यावरून वर धूळही पसरली. मी रांगोळी घातली. नऊ दिवस बायका आल्या, लेकरं त्या फरश्यांवर नाचली, हरभऱ्याचं सुंडल वाटून झालं. सेतुमाधवरावांना मी आज सांगेन, उद्या सांगेन, असं करत राहिले. त्या दिवसांत ते मसुद्याच्या कामाला ओरत्तनाडु गावाकडची जुनी गटारं मोजत फिरत होते. मला तर ते बरंच वाटलं.

नवरात्र सरलं आणि ऐप्पसी महिन्यातला, आमच्याकडचा मोठा पाऊस तीन दिवस लागला. आमच्या दारापुढे पाणी आत जायला वाट नव्हती. आत गाळ अडला आणि सळई घालायलाही जागा नव्हती. सगळं पाणी फरश्यांवरून खाली धावलं आणि अलमेलुच्या मातीच्या भिंतीला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत बसली. अलमेलु फुलं आणायला गेली होती. तिच्या म्हाताऱ्या आईचा हात भिंतीखाली सापडला. तो पुन्हा सरळ झाला नाही.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी सेतुमाधवराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी कॉफी दिली. त्यांनी टंबलर बाजूला ठेवला, खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "भुवनाला जरा बोलावता?"

ती धावत आली. त्यांनी कागद फरशीवर पसरला, तिचं पाऊल त्यावर ठेवायला सांगितलं आणि पेन्सिलीनं सावकाश भोवती रेघ काढली. तिला गुदगुल्या झाल्या. ती त्यांना आजोबा या अर्थी ताता म्हणायची.

"ताता, हे काय करता?"

"तुला चप्पल शिवायची आहे, राणी. सोन्याची."

वाटलं, हा पुरावा आहे. उद्या समितीपुढे हे पाऊल ठेवतील आणि म्हणतील, या मुलीच्या आईनं हे केलं. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी बोलले.

"त्या फटी कुणी भरल्या, आम्हास काय ठाऊक? गवंड्यानं भरल्या असतील. रामस्वामीच असेल. ही माणसं मनाला येईल ते करतात."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली.

"सरि, बरं," ते म्हणाले आणि उठले. कॉफी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी सांगितलं, "सेतुमाधवरावांना झालंय तरी काय, कळत नाही. रामस्वामीला उभं केलं होतं, त्याचं काम जायचंच होतं. तो तोंड उघडणार एवढ्यात हे उठून म्हणतात, 'फटी मीच भरायला सांगितल्या.' आपणच लिहिलेला नियम आपणच मोडला म्हणे!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? ज्यावर त्याचाच भरवसा नाही ते पुस्तकात कशाला घालायचं? पान काढलं. म्हाताऱ्याला गोदामावर पाठवलं." त्यांनी ताट पुढे केलं. "सार वाढ."

मी सार वाढलं.

मी फक्त एक खरं वाक्य बोलायचं होतं. रामस्वामीचं काम वाचलं होतं, सेतुमाधवरावांचं पान परत येऊ शकलं असतं. ह्यांचं नाव घेऊन मी खोटं बोलले होते आणि ते कचेरीत सगळ्यांना कळलं असतं, एवढीच माझी भीती होती. अलमेलुच्या आईच्या हातासमोर ती ठेवून पाहिली तर केवढीशी होती! सेतुमाधवरावांनी शेवटचं वर्ष गोदामात आलेल्या विटा मोजत काढलं. वाटेत भेटले की विचारायचे, "भुवना काय म्हणते?" अलमेलु रोज सकाळी आमच्या दारी यायची, हातानं दोन मुळं, म्हणजे दोन हात, फुलांची माळ मोजायची, दोरा तोडायची. सहा वर्षं तिची फुलं मी केसांत माळली.

यंदा गटारं झाकण्याचा विषय पुन्हा निघाला. नव्या तरुण इंजिनियरांना जुन्या फायलीत सेतुमाधवरावांचं पान सापडलं आणि ते मंजूर झालं. ह्यांनी ती फाईल घरी आणली आणि हसत मला हाक मारली. "हे बघ, आपल्या भुवनाचं पाऊल!"

तोच कागद होता. पेन्सिलीची रेघ, आडवं-उभं माप, खाली तारीख, चौकशीच्या आदल्या दिवसाची. त्याखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: दहा सेंटीमीटर ही माझी चूक. तीन वर्षांच्या मुलाचं पाऊल आत जाऊ नये. पाच फरश्यांनंतर एक मोठी फट नको, दर फरशीला तीन सेंटीमीटरची ठेवावी. पाणी जास्तच जाईल.

ते माझी चूक शोधायला आलेच नव्हते. स्वतःची दुरुस्त करायला आले होते.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. ते पाय स्टुलावर ठेवून बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "रामस्वामीनं पाऊस पडला त्याच दिवशी सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. तुमच्या ओट्यावर बसलो होतो ना मी." मग म्हणाले, "मज सांगून काय उपयोग, राजमबाई? अलमेलुला ठाऊक नाही."

त्या रात्री मी ह्यांना सांगितलं. ते अजूनही माझ्याशी नेमकं कामापुरतं बोलतात. कचेरीला मी पत्र दिलं आहे की सेतुमाधवरावांनी फटी भरायला सांगितल्या नव्हत्या, मी सांगितल्या. ते पत्र फाईलला लावतील की नाही, मला माहीत नाही. म्हणून इथेही लिहिते. पुस्तिकेत हे छापायचं नसेल तर मंडळींनी माझं नावच काढावं, पण कौतुकाची दोन पानं माझ्याकडून मागू नयेत.

परवा सकाळी अलमेलु आली. मी तिला दारातच सांगितलं. ती ऐकत होती आणि हातानं फुलं मोजत होती. कोपरापासून बोटापर्यंत एक, कोपरापासून बोटापर्यंत दोन. दोरा तोडला, फुलं माझ्या ओंजळीत ठेवली. तिची आई घरात अजून आहे, तो वाकडा हात घेऊन. अलमेलु टोपली डोक्यावर घेऊन गेली.

काल ती आमच्या दारावरून गेली. आजही गेली. थांबली नाही.