ब्रेकवरचा पाय

मी दातांचा डॉक्टर आहे. माझ्या खुर्चीत बसताना लोकांची पाचावर धारण बसते, हे मला रोज दिसतं. पण चाळिशी उलटल्यावर मी गाडी शिकायला गेलो तेव्हा माझी जी गत झाली ती माझ्या पेशंटांनी पाहिली असती, तर त्यांचे सगळे हिशेब चुकते झाले असते. पहिल्या दिवशी मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं, की धडा संपल्यावर मास्तरीणबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

या मास्तरीणबाईंना आमच्या भागात सगळे पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय कायम त्याच्यावर. लांबच्या कोपऱ्यावर कुणी नुसतं उभं दिसलं, तरी शिकणाऱ्याला कळायच्या आत गाडी थांबलेली असे. वरून त्या हसतमुख, गप्पिष्ट, विद्यार्थ्यांची भरपूर फिरकी घेणाऱ्या. पण मला दुसऱ्याच्या भीतीची पारख चटकन होते, तो माझा धंदाच आहे. बाई घाबरट होत्या. जन्मभर घाबरलेलं माणूस जसं बोलून बोलून भीती झाकतं, तशा त्या बोलत.

त्यांच्या घरी तिघं. त्या, कॉलेजात जाणारी लेक आणि बाईंचे वडील. नवरा लांबच्या शहरात नोकरीला, महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. वडील शहरातली बस चालवून निवृत्त झालेले. बाईंची आई गेल्यापासून लेकीकडे राहत.

त्या दुपारी सिग्नलला थांबलो असताना बाईंनी विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, तुमचं घरात कुणाशी जास्त जमतं? आईवडलांशी की पोरांशी?"

"पोरांशी. म्हणजे असं मला वाटतं. पोरांना काय वाटतं ते विचारलेलं नाही."

त्या मोकळ्या हसल्या. "माझंही तेच. लेक आणि मी मैत्रिणी. बाबांशी मात्र मी अजून दारात उभी राहून बोलते. जेवलात का, गोळी घेतली का, बस्स. लहानपणी तर ते घरात आले की आम्ही आवाज बंद करायचो. दगडासारखा माणूस. ना कधी हसला, ना कधी चिडला."

मग जरा थांबून म्हणाल्या, "हल्ली विसरतात. परवा आपल्याच घराची बेल वाजवली आणि मला विचारलं, हे घर कुणाचं? गाडीच्या किल्ल्या मी कपाटात कपड्यांखाली लपवून ठेवल्यात. पोरीला नाही सांगितलं. परीक्षा चालू आहे तिची, उगाच घाबरायची."

सिग्नल सुटला. मी दुसऱ्या प्रयत्नात गाडी काढली, आणि तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. फोन समोर अडकवलेला होता. लेकीचं नाव दिसताच बाईंनी स्पीकर लावला.

"आई, तू घाबरू नकोस हां," पोरगी म्हणाली. त्या एका वाक्याने बाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मला उशीर झाला होता. तुझ्या कपाटात ओढणी शोधताना किल्ल्या सापडल्या, म्हणून आजोबाला म्हटलं, सोड मला कॉलेजला. तर तो कॉलेजचं वळण सोडून सरळ आलाय. मी सांगतेय, पण ऐकतच नाहीये."

मागून म्हाताऱ्याचा आवाज आला. खणखणीत, हुकमी. "पुढे सरका. पुढे सरका. दारात गर्दी करू नका."

गाडीत ती दोघंच होती.

मी गाडी कशीबशी कडेला घेतली. बाई फोनवर वाकल्या. "कुठे आहात तुम्ही?"

"पाण्याची मोठी टाकी आत्ताच गेली."

बाईंनी डोळे मिटले. पुढे काय आहे ते त्यांना पाठ होतं. शाळेला सुट्टी असली की वडील त्यांना बसमध्ये पाठीमागच्या सीटवर बसवून न्यायचे. टाकी, मग वर्कशॉपची भिंत, मग डावीकडे वळण, की शेवटचा स्टॉप. लेकीच्या जन्माआधीची गोष्ट. त्यानंतर तिथे पूल झाला. ते डावं वळण आता पुलाच्या उताराच्या तोंडाशी निघतं, आणि उतारावरून गाड्या सुसाट खाली येतात. एकेरी रस्ता. तिकडून आत शिरायचं म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या अंगावर जायचं.

"हँडब्रेक ओढ!" बाई किंचाळल्या. "बाबा! थांबा! थांबा म्हणते ना!"

"कोण ओरडतंय?" म्हातारा म्हणाला. "उतरवा त्यांना खाली." इंजिनाचा आवाज चढला.

"आई, ओरडू नकोस, तो बिथरतोय." पोरीचा आवाज कापत होता, पण शब्द सरळ होते. "कुठे थांबवू तेवढं सांग."

"पुलाच्या अलीकडे. वर्कशॉपची भिंत संपायच्या आत. डावीकडे वळू देऊ नकोस त्यांना."

फोन कट झाला. बाईंनी लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

आम्ही जागा बदलल्या. बाई स्टिअरिंगवर आणि मी त्यांच्या जागी, पायाखाली तो दुसरा ब्रेक. एक टेम्पो आडवा आला आणि मी तो करकचून दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध गचकन थांबली, मागून हॉर्नचा कल्लोळ.

"डॉक्टर, पाय वर घ्या!"

मी पाय वर घेतले आणि उरलेला सगळा रस्ता सीटवर मांडी घालून, जीव मुठीत धरून बसलो. बाईंना इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं. दातावर दात घासल्याचा आवाज मात्र मला ऐकू येत होता.

टाकी गेली. वर्कशॉपची लांबलचक भिंत लागली. तिच्या टोकाला रस्त्यावर माणसांचा घोळका दिसला, सगळे एकाच दिशेला बघत असलेले. बाईंच्या तोंडून "गं बाई" एवढंच निघालं. मी मान खाली घातली. मला बघायचं नव्हतं.

घोळका पुढे सरकला. रस्ता ओलांडायला थांबलेली माणसं होती ती.

आणि त्यांच्या पलीकडे, भिंत संपायच्या जेमतेम आधी, बाईंची गाडी उभी होती. फूटपाथला अगदी समांतर, इंडिकेटर चालू. आत म्हातारा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसलेला. त्याच्या मनगटावर नातीचा हात.

बाई धावत गेल्या. आधी त्यांनी पोरीला चाचपलं, मग वडलांच्या बाजूचं दार उघडलं. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. डेपोतला कंट्रोलर विचारतो तसं त्या काहीतरी विचारतील अशा समजुतीने तो म्हणाला, "गाडी लेट नाही माझी." मग त्याची नजर पुलावरून येणाऱ्या गाड्यांकडे गेली, परत बाईंकडे आली, आणि एकदम त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओघळून गेलं. "हा रस्ता कुठला गं? मला ओळखू येत नाहीये."

पोरगी मग रडायला लागली. रडत रडतच तिने सांगितलं. आजोबाकडून ती लहानपणापासून बसच्या गोष्टी ऐकत आली होती. कंडक्टरने घंटी एकदा दिली की थांबायचं, समोर कुणी का असेना; दोनदा दिली की निघायचं. फोन ठेवून तिने पाण्याची स्टीलची बाटली घेतली आणि किल्लीने तिच्यावर एकदाच टण्ण केलं.

"पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही त्याला. परत वाजवायची म्हटलं तर हात थरथरत होता. चुकून दोनदा वाजली असती तर, आई?"

बाईंनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिला जवळ ओढलं.

आमची गाडी तिथेच लावून आम्ही चौघं बाईंच्या गाडीने परतलो. मी पुढे, ती दोघं मागे. पाण्याची टाकी मागे पडली. मग म्हातारा मागून म्हणाला, "घाबरलीस?"

"हो, बाबा."

"मीही घाबरायचो. रोज." तो सावकाश बोलत होता, पण आता पूर्ण शुद्धीवर होता. "पाठीमागे एवढी माणसं, कुणाची पोरं, कुणाच्या आया. घरी आलो की तोंड उघडायचो नाही. वाटायचं, एकदा उघडलं की सगळं बाहेर पडेल, आणि मग सकाळी गाडीवर चढता येणार नाही."

बाईंनी गाडी हळू केली. एका हाताने डोळे पुसले, दुसरा स्टिअरिंगवर.

काही आठवड्यांनी त्या दाढ दुखते म्हणून माझ्याकडे आल्या. आठवडाभर आधी वडलांनाही दाखवून गेल्या होत्या. मी तोंडात आरसा घातला आणि थांबलोच. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झालेले, झोपेत वर्षानुवर्षं दात खाल्ल्यासारखे. वडलांच्या उरलेल्या दाढा हुबेहूब तशाच होत्या. मी ते बोलून दाखवलं.

"आणि पोरीचे?" त्यांनी विचारलं. तीही एकदा येऊन गेली होती.

"एकदम धड. झीज म्हणून नाही."

बाई छताकडे बघत पडून राहिल्या. "मला वाटायचं मी पोरीच्या बाजूची. त्या दिवशी कळलं, ती मला अर्धीसुद्धा कळत नाही. तिला माझ्यासारखी भीती वाटली, पण तिचे हात चालले. माझे चालले नसते. बाबा मात्र आता आरपार कळतात. आणि कळतात याचीच धडकी भरते, डॉक्टर. ते ज्या रस्त्याने निघालेत, तो मला ओळखीचा वाटतो. परवा मी एका विद्यार्थ्याचं नाव विसरले, तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"नावं तर मीही विसरतो," मी म्हणालो. ते खरं होतं, पण त्याने त्यांचं समाधान झालं नाही आणि माझंही झालं नाही.

म्हाताऱ्याच्या दुखण्याला मोठ्या डॉक्टरांनी नाव दिलं. ते बरं होणारं नाही हेही सांगितलं. गाडी त्याने स्वतःहून सोडली, किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या. लेक गाडी शिकली, पण आईकडे नाही, दुसऱ्या शाळेत. बाईंनीच पाठवलं तिला. घरात आता लपवाछपवी नाही. आजोबा आज कुणाला ओळखतोय आणि कुणाला नाही, हे पोरगी सकाळीच आईला सांगते.

आणि बाई वडलांशी दारात उभ्या राहून बोलत नाहीत. संध्याकाळी धडे संपले की त्यांच्या पलंगाच्या कडेला बसतात. कधी म्हातारा विचारतो, बाहेर एवढा अंधार कसा, मला भीती वाटते. पूर्वी त्या म्हणाल्या असत्या, भिण्यासारखं काय आहे त्यात. आता म्हणतात, "मलाही वाटते, बाबा," आणि उठून दिवा लावतात.