कात्रजच्या चढावरच्या बाई

लेकीला लग्नाच्या कार्यालयात नेत होतो आणि कात्रजच्या चढावर वडिलांची जुनी गाडी वाफ सोडू लागली. मुहूर्त जवळ आला होता. तेवढ्यात साठीच्या एक बाई स्कूटर लावून आल्या.

"रेडिएटरचं झाकण उघडू नका, भाजाल," त्या म्हणाल्या. पदर खोचून त्यांनी इंजिनाचा पट्टा दाबला. तो सैल होता. "पंखाच नीट फिरत नाहीये," असं सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. इंजिन निवल्यावर माझ्याच पान्याने त्यांनी पट्टा ताणला, पाणी भरलं आणि थेट स्टिअरिंगवर बसल्या.

"चढावर तपासायला नको? किती वर्षांनी अशी गाडी हाती आलीय."

गाडी चढ चढू लागली, तरी तापमानाचा काटा वर गेला नाही. मागच्या सीटवर नवरी टाळ्या वाजवत होती. बोगदा आला तरी बाई थांबायचं नाव घेईनात. मीही त्यांना स्कूटरची आठवण करून दिली नाही.