थांबक्काच्या हजार बाटल्या

काचेच्या कारखान्यात तिला कुणी तिच्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे थांबक्का म्हणायचे. मी तिथं खोकी ठोकायचो, तिच्या टेबलापासून दहा पावलांवर, आणि दिवसातून पन्नास वेळा तिचं ‘थांब’ माझ्या कानावर यायचं. कुणी घाईनं बाटली उचलली, थांब. कुणी घाईनं घास गिळला, थांब. तिचा नवरा भट्टीवर होता. हा शब्द ऐकून ऐकून आपल्याला चालायचाच कंटाळा आलाय, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

ती एकोणिसाव्या वर्षी कामाला लागली ती फुटक्या काचेच्या शेडमध्ये. पांढरी काच इकडे, तपकिरी तिकडे, हिरवी पलीकडे. हातमोजे मिळायचे, पण बोटं कापायची ती कापायचीच. चार वर्षं तिनं तिथं काढली. मग एकदा बाहेर जाणाऱ्या खोक्यातली चिरलेली बाटली तिनं येताजाता ओळखली आणि जुन्या साहेबांनी तिला पारखणीच्या टेबलावर बसवलं. तिथं औषधाच्या बाटल्या पट्ट्यावरून सरकत येतात, मागं दुधी पडदा आणि पडद्यामागं दिवे. चीर, बुडबुडा, वाकडा गळा दिसला की बाटली ओढायची आणि कडेच्या पेटीत टाकायची. बावीस वर्षं ती त्याच स्टुलावर बसली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, तोही तिनं सवयीचा करून घेतला होता.

मग नवे साहेब आले आणि त्यांच्या मागोमाग मॅडम आल्या. मॅडम मानसशास्त्र शिकलेल्या. वय थांबक्काच्या सुनेएवढं, काखेत एक पेटी. पेटीला लाल दिवा, खाली बटण, आत घड्याळ. दिवा लागला की बटण दाबायचं, किती वेळ लागला ते घड्याळ सांगणार. टेबलावरच्या चौदाही जणींची परीक्षा झाली. यादी दाराला चिकटली. थांबक्काची सून, जिला टेबलावर येऊन जेमतेम आठ महिने झाले होते, ती पहिली. थांबक्का चौदावी.

मुकादमाला तर उकळ्या फुटल्या. “काय थांबक्का, सून पुढं निघून गेली की!”

“जाऊ दे. लवकर घरी पोचेल, चहा ठेवेल.”

हसली खरी, पण यादीच्या तळाशी साहेबांनी एक ओळ लिहिली होती. शेवटच्या पाच जणी पुढच्या महिन्यापासून फुटक्या काचेच्या शेडमध्ये. म्हणजे बावीस वर्षं चालून बाई निघाली होती तिथंच परत.

जेवायच्या सुट्टीत सून जवळ येऊन बसली. “आई, मी मुद्दाम नाही केलं.”

“मुद्दाम केलं असतंस तर तुझ्यात थोडी अक्कल तरी दिसली असती. खा गुपचूप.”

डबा धुऊन ती तडक मॅडमच्या खोलीत गेली. मीही खोकं नेण्याच्या निमित्तानं दारात उभा राहिलो, खोटं कशाला बोलू. “मला परत बसवा पेटीपुढं,” ती म्हणाली. मॅडमनी बसवलं. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्यांदा तिनं दिव्याकडं पाहिलंच नाही, स्वतःच्या अंगठ्याकडं पाहत बसली. दिवा लागला तसा अंगठा उठला, बटणावर अधांतरी अडकला आणि मग खाली आला.

“सापडला चोर,” ती म्हणाली. “मॅडम, माझा हात मंद नाही. तो विचारून घेतो.”

“कुणाला?”

“बाटलीला. पडद्यापुढं प्रत्येक बाटली चमकते. बाटली सरकली की दिव्याची चमक काचेवरून मागं सरकते. चिरेची चमक असते तिथंच बसून राहते. तेवढं बघायला पापणी लवण्याइतकं थांबावं लागतं. नवी पोरगी पहिल्या चमकेलाच हात घालते. तुमच्या पेटीत चीरही लाल आणि चमकही लाल. घाई करेल त्याला बक्षीस.”

मॅडमनी पेटी बाजूला सरकवली. मग म्हणाल्या, “आमच्या शास्त्रातही हे भांडण जुनं आहे, अक्का. काहीजण म्हणतात, माणूस करतो काय तेवढं मोजा, डोक्यातलं कुणाला दिसतं? दुसरे म्हणतात, डोक्यातलं सोडलं तर मोजलंत कशाला?”

“तुम्ही कुठल्या?”

“मी मोजणारी.”

“मग पुरतं मोजा की! वाईट किती पकडल्या ते मोजा, आणि चांगल्या किती फुकट ओढल्या तेही मोजा.”

मॅडमनी कागद ओढला. पुढचा तासभर त्या दोघी अशा भांडल्या की मला वाटलं, आता पेटी फुटते. गिऱ्हाइकाकडून चिरेमुळं परत आलेल्या चाळीस बाटल्या घ्यायच्या. भिंग लावून आणि पाण्याचा दाब देऊन तपासलेल्या नऊशे साठ चांगल्या घ्यायच्या. चाळिसांच्या बुडाला मेणाचा ठिपका, म्हणजे पट्ट्यावर दिसायचा नाही. हे मॅडमनी सुचवलं. ठिपके गोदामवाल्यानं लावायचे आणि त्यानं टेबलाजवळ फिरकायचं नाही, हे अक्कानं.

“तो कशाला बोलेल?” मॅडम म्हणाल्या.

“तोंड नाही बोलत, चेहरा बोलतो. भाजीत मीठ जास्त झालंय हे माझी सून माझ्या भुवईवरून ओळखते. तुम्हीही पडद्याआड बसा.”

“आणि एकट्या तुमच्यावरून काही ठरणार नाही,” मॅडमनीही सुनावलं. “तुम्ही एखादवेळी एकट्याच हुशार असाल.”

म्हणून वरच्या तिघी आणि खालच्या तिघी घ्यायचं ठरलं. पाळी चिठ्ठ्या टाकून, आणि प्रत्येकीआधी बाटल्यांची फेरमिसळ.

साहेब भडकले. “इथं कोण कुणाची परीक्षा घेतंय?”

मॅडम म्हणाल्या, “माझी चाललीय साहेब. माझी पेटी खरी की खोटी, ते कळू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सुरू झालं. पहिली चिठ्ठी सुनेची निघाली. तिचे हात म्हणजे शिवणयंत्राच्या सुया! शेवटी मोजलं तर चाळीसपैकी एकतीस धरलेल्या आणि चांगल्या शहाऐंशी फुकट कडेच्या पेटीत. चिठ्ठी निघेल तशी कधी वरची, कधी खालची, असं चालत राहिलं. चष्मेवाली यादीत दुसरी होती, तिनं सदतीस पकडल्या आणि चांगल्या पाचच घालवल्या. मुकादमानं लगेच मिशीला हात लावला. पण तिसरीनं पुन्हा सत्तर चांगल्या ओढल्या, आणि खालच्या दोघींनी सुनेपेक्षा जास्त चिरा पकडूनही एकीचाही फुकटचा आकडा दहाच्या वर गेला नाही.

थांबक्का शेवटी बसली. खांदा हलत नव्हता, नुसतं मनगट. एकदा हात बाटलीपर्यंत जाऊन कोरडाच परत आला, तेव्हा माझ्या हातातला खिळा वाकला. पट्टा थांबला. गोदामवाला आला आणि एकेक बाटली उलटी करू लागला. मॅडम पडद्याआडून बाहेर आल्या आणि त्यांनी आकडा वाचला.

“चाळीसपैकी अडतीस. चांगल्या गेल्या चार.”

भट्टीवरून पहिला ठोका पडला. नवऱ्यानं लोखंडी नळी खांबावर हाणली होती. मग दुसरा, तिसरा, आणि सगळ्या भट्टीवाल्यांनी असा दणदणाट केला की पट्ट्यावरच्या बाटल्या किणकिणू लागल्या. सून टेबलावर चढून ओरडत होती, “माझी सासू! माझी सासू!”

मॅडमनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, “बटण दाबायच्या वेगाचा आणि पारखण्याचा काही संबंध दिसत नाही. चष्मेवाली दोन्हीकडे चांगली, बाकीच्यांचं उलटं. बाटल्या खोट्या नाहीत, माझं माप खोटं होतं.” आणि दारावरची यादी स्वतःच्या हातानं फाडली. सगळ्यांदेखत असं म्हणायला छाती लागते. तेव्हापासून मला ती पोरगी आवडते.

साहेबही माणूसच. ते खाकरले. “बसा तुम्ही अक्का, तुमच्या जागेवरच बसा. खालच्या चौघीही राहतील.” आणि हात कुठं ठेवावा ते न कळून त्यांनी पट्ट्यावरची एक बाटली उचलली.

“थांबा साहेब,” थांबक्का म्हणाली. “ती माझ्या नजरेतून सुटली होती. सुटलेल्या दोन बाटल्यांतली एक.”

साहेबांनी बाटली उलटी केली. बुडाला मेणाचा ठिपका होता.

“आता कशी दिसली?”

“तुम्ही उचललीत तेव्हा चमक सरकली नाही.” ती स्टुलावर टेकली, आखूड पायाकडं कलली, आणि सुनेला खाली उतरवून शेजारी बसवलं. “इकडं बघ. हात मांडीवर. आज ओढायचं नाही, नुसतं बघायचं. चालू करा हो पट्टा!”