शांतवनचा तारा आणि एक जून

तारा सापडला नाही. शांतवन गेला.

आज वर्ष झालं.

लिहावं की नाही, सकाळपासून घोळ चाललाय. माझं शिक्षण सातवी. काही चुकीचं गेलं तर त्याची मुलं काय म्हणतील, चर्चची माणसं काय म्हणतील, ही धास्ती. पण पुढच्या वर्षी मी असेन याची खात्री कोण देणार? म्हणून लिहितो.

शांतवन आणि मी चादरीच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मागावर होतो. तो ख्रिस्ती, मी सांगोल्याकडचा धनगर.

दर डिसेंबरला त्याच्या गच्चीवर उंच बांबूला कागदी तारा लागायचा. आत बल्ब. वायर मी तपासायचो. आग लागेल ही भीती त्याला कधीच नव्हती, मलाच होती.

रिटायर झाल्यावर त्याला नाद लागला. येशू जन्मला तेव्हा जो तारा दिसला, तो नेमका कोणता?

मोबाईलवर व्हिडिओ बघायचा आणि मला हाक मारायचा.

"बिरू, ऐक. इसवी सनाच्या सात वर्षं आधी गुरू आन् शनी एकाच वर्षात तीनदा जवळ आले. मीन राशीत. त्योच तारा."

"म्हंजे येशू ख्रिस्त जन्मला ख्रिस्तपूर्व? आसं कसं आसंल, मर्दा?"

"हेरोद राजा त्या लेकराच्या जिवावर उठला हुता की. त्यो राजाच इसवी सनाच्या चार वर्षं आधी मेला म्हणत्यात. मग जन्म त्याच्या आधीचाच."

"आन् पंचवीस डिसेंबर?"

"ती मागनं ठरवली. बायबलात तारीखच न्हाय. जन्माच्या रात्री मेंढपाळ रानात हुते, आसं लिवलंय. थंडीत रात्रीचं रानात कशाला राहत्याल, आसंबी म्हणत्यात."

हे मला पटेना. "आमची मेंढरं थंडीतबी रानातच. खतासाठी लोकांच्या शेतात बसवत्यात की."

आतून त्याची बायको, मार्थावहिनी, चहा घेऊन आल्या.

"भावजी, तुमची मेंढरं सांगोल्याची. ती बेथलेहेमची."

मग नवऱ्याकडे वळल्या. "आन् तारखेचं काय घिऊन बसलाय? तुमच्या आधार कार्डावर काय हाय? एक जून. भावजींच्या? एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरनं लिवली. म्हून काय तुमी जन्मलाच न्हाय? पंचवीस डिसेंबर म्हंजे येशूचा एक जून समजा."

तिघंही हसलो. तिघांचं तेवढंच शेवटचं मोकळं हसणं.

२०२० च्या डिसेंबरात गुरू-शनी पुन्हा जवळ आले. दिवस मावळल्यावर आम्ही तिघं गच्चीवर. तोंडाला मास्क. कठडा नाही म्हणून मी जिन्याला धरून उभा.

"दोन कुटं हायत? एकच दिसतंय," वहिनी म्हणाल्या. "ह्योच त्यो."

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी कोरोनात गेल्या.

शांतवनला तोंडसुद्धा बघू दिलं नाही.

त्यानंतर ताऱ्याचा नुसता नाद राहिला नाही. जीवच त्यात अडकला.

"बिरू, तारा खरा निघाला तर बाकीचंबी खरं. मग मार्था मला भेटंल. तारा खोटा आसंल तर ती कुटंच न्हाय."

मी म्हणालो, एवढं सगळं एका ताऱ्यावर टांगू नको. ऐकलं नाही.

एकेक तारा निखळत गेला. येशूच्या वेळी गुरू-शनीच्या मधे दोन चंद्र मावतील एवढी फट होती. एक तारा दिसणंच शक्य नव्हतं.

मग चीनच्या लोकांनी लिहून ठेवलेला शेपटीचा तारा. पण तसला तारा तर अपशकुनी मानायचे.

मग गुरू आणि शुक्र, अगदी चिकटलेले. पण तोवर हेरोद मेलेला.

एक जुळवलं की दुसरं उसवायचं.

मला बघवेना. त्याला न सांगता मी भवानी पेठेत एका ज्योतिषाकडे गेलो. ग्रहांचं त्यांना कळतं, येशूची पत्रिका मांडून तारीख काढून देतील, असं वाटलं.

"मुलाचं नाव?"

"येशू."

"जन्मगाव?"

"बेथलेहेम."

"तालुका?" म्हणाले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काका, तारखेवरनं पत्रिका काढतात. पत्रिकेवरनं तारीख मागणारे तुम्हीच पहिले. आणि गुरू-शनी काय, दर वीस वर्षांनी जवळ येतातच. दर वेळेला देव जन्मतो का?"

शांतवनला हे सांगितलं. तालुका ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला. वहिनी गेल्यावर पहिल्यांदाच.

मग मोबाईल बाजूला ठेवला.

"बरोबर बोलला रं त्यो. दर वीस वर्षाला."

त्या डिसेंबरात त्याने तारा लावला नाही. मी वायर तपासून ठेवली होती.

महिन्याभरात तो हॉस्पिटलात. दुपारी भेटायला गेलो.

"बिरू, हुता का रं तारा?"

"हुता."

"कंचा?"

मी त्याची चादर सारखी करायला लागलो.

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी बराच वेळ उभा होतो. तो वळला नाही. संध्याकाळी गेला.

मधे एक जूनला मोबाईलने सांगितलं, आज शांतवनचा वाढदिवस. कुणीकुणी हॅपी बर्थडे काका लिहिलं, केकही टाकले. त्यांना माहीत नसणार.

आज सकाळी कबरीवर जाऊन आलो. मुलांनी दगडी क्रूस बसवलाय. चांगला आहे.

वर लिहिलंय, जन्म १ जून. खाली मृत्यूची तारीख.

वरची मास्तरची. खालची तेवढी खरी.

"आता मार्थावहिनी भेटल्या असतील" असं लिहून संपवायचं मनात होतं.

लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

खोडलं.

शांतवन, गड्या, येतो.