अजिनाथनं पुसलेला तारा

वडवणीच्या बाजारपेठेत अजिनाथचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो आणि दहाव्याला लावायच्या तसबिरी. तसबिरीत त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. माणूस गेलं की घरचे कुठल्या तरी वरातीतला फोटो घेऊन येतात. अजिनाथ त्यातून चेहरा कापून घेतो, डोक्याला फेटा चढवतो, सुरकुत्या कमी करतो, डाग पुसतो, रंग उजळतो. उन्हात जन्म गेलेली माणसं त्याच्या फ्रेममध्ये सावलीत वाढल्यासारखी दिसतात. लोक खूश होऊन जातात.

दुसरं काम तो माझ्या शेतावर करायचा. मी परळीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होतो. निवृत्त झाल्यावर गावाकडं माळावर राहायला आलो. इथं रात्री एकही दिवा दिसत नाही, म्हणून आकाशाचे फोटो काढू का, असं अजिनाथ विचारत आला. मला वाटलं, चार दिवसांची हौस असेल. तसं नव्हतं.

अमावस्येच्या आसपास लग्नाच्या तिथी नसतात. तेवढ्या रात्री त्याला मोकळ्या. दुर्बीण, ती ताऱ्यांच्या चालीनं फिरवणारं यंत्र, लोखंडी वजनं, बॅटरी, तिवई. मोटरसायकलवर दोन खेपा आणि शेवटचा चढ पायी. चढावर मी वजनं घ्यायचो, कारण मला ओझं कसं धरायचं ते कळतं. यंत्र ध्रुवाला लावण्यात तो तास घालवायचा. केसभर चुकलं तरी फोटोतले तारे लांबट होतात. घाई केलेली मी कधी पाहिली नाही.

मग कॅमेरा रात्रभर आकाशातल्या एकाच जागेचे फोटो काढत राहायचा. एकेका फोटोत बघण्यासारखं काही नसतं, नुसता काळोख आणि खरखर. असे शेकडो कच्चे फोटो संगणकात एकावर एक चढवले की खरखर विरते आणि खरोखर असेल तेवढं वर येतं. सप्तर्षींच्या शेपटाजवळची एक दीर्घिका त्यानं तीन उन्हाळे धरून ठेवली होती. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच, पण फार लांबचं, ताऱ्यांचं गाव. त्याच्या फोटोत ती भिंगरीसारखी दिसायची. फोनवरच्या आकाशवाल्यांच्या गटात लोक तिला सुंदर म्हणायचे. त्यावर त्याचं समाधान नव्हतं.

एकदा यंत्र लावता लावता म्हणाला, "काका, स्टुडिओतलं माझं एक बी काम खरं न्हाई. हे तरी कुणाच्या कामाला यावं. एक फोटो आला तरी बास."

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात, अमावस्येच्या आदल्या रात्री, तो असाच आला. वारा होता. तिवई हलू नये म्हणून आम्ही तिच्याभोवती पोत्यांचा आडोसा केला आणि पहाटेपर्यंत तो धरून बसलो. फोटो चांगले आले. दुसऱ्या दिवशी त्यानं ते एकावर एक चढवून दीर्घिकेचं चित्र तयार केलं. नांदूरघाटचं लग्न तोंडावर होतं, म्हणून कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं केलं. कच्चे फोटो गेले. स्टुडिओची रीतच ती. गिऱ्हाईक पक्का फोटो नेतं, कच्च्याचं काय करायचं?

लग्न उरकून तो परतला तेव्हा गटात बातमी होती. त्याच दीर्घिकेत एक तारा फुटला होता. जपानमधल्या एका हौशी माणसाला तो आधी दिसला. आता त्याच्या आदल्या रात्रीचे कच्चे फोटो कुणाकडं आहेत, अशी विचारणा चालू होती. तारा फुटायला लागला तो क्षण कसा होता, हे शास्त्रज्ञांना त्यातून कळणार होतं.

अजिनाथ भर दुपारी माळावर आला. तो दिवसा तिथं कधी येत नसे. बाजेवर बसला. मग त्यानं सांगितलं, की चित्र करताना भिंगरीच्या एका फाट्याच्या कडेला बारीक ठिपका दिसला होता. मागच्या दोन्ही वर्षांच्या चित्रांत तो नव्हता.

"मला वाटलं, कॅमेऱ्यात धूळ गेली. पुसला."

मी त्याच्याबरोबर स्टुडिओत गेलो. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर त्यानं कार्डावर चालवलं. त्याची बायको सुनिता चहा ठेवून गेली. चहा तसाच राहिला. कार्डावर वरून सगळं लग्न चढलं होतं. हाताला लागले ते तुकडे. अर्धं काळं आकाश आणि त्याखाली नवरीचा हळदीचा हात. वेळेची नोंद कशावरच नव्हती.

संध्याकाळी त्यानं पक्कं चित्र उघडलं आणि ठिपका होता तिथं नवा ठिपका ठेवला. शेजारच्या ताऱ्यांसारखी कड मऊ केली, रंग जुळवला. मी चष्मा पुसून पाहिलं. ओळखू येत नव्हतं.

सुनिता मागं उभी होती. म्हणाली, "होताच की तिथं. तुमी सोता पायलाय. मग खोटं कसं?"

"मी पायलाय. ह्या फोटोत आता न्हाई."

त्यानं चित्र तसंच बंद केलं, जतन केलं नाही. गटात लिहिलं की त्या रात्रीचे फोटो माझ्याकडं होते, ठिपका मी स्वतः पुसला, कच्चं काही उरलं नाही. दोघांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं पुरावा काय म्हणून विचारलं. मग बोलणं पुढं गेलं. इतरांचे फोटो सापडले, ते कामाला आले.

पंधरवड्यात स्टुडिओच्या गल्लीतल्या रामप्रसादची आई, जानकीबाई, गेली. हनुवटीवर मोठा काळा तीळ असलेली बाई. सगळ्या गल्लीला ती तिळावरून माहीत. अजिनाथनं तीळ ठेवून तसबीर केली. रामप्रसाद ती परत घेऊन आला.

"ते कावून ठेवलंस बे? दहाव्याला अख्खं गाव येतंय."

"आईला होता की."

"होता. फोटोत कशाला?"

अजिनाथनं संगणकाकडं तोंड केलं आणि तीळ पुसला. एवढंसंच काम. रामप्रसाद खूश होऊन गेला.

तीळ असलेला फोटो त्यानं ठेवून दिलाय. आता तो कुणाचंच कच्चं फेकत नाही. माळावर त्याच्या तिवईसाठी मी सिमेंटचा ओटा बांधला, रोज पाणी मारून पक्का केला. पुढचा उन्हाळा आला तसा निरोप धाडला. तो आला नाही. मग मीच वडवणीला गेलो. अमावस्या जवळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ओटा झालाय, म्हणालो.

तो म्हणाला, "काका, तिथं परत ठिपका दिसला, तर माझा हात आधी काय करंल, मला म्हाईत हाय."

मी बळजबरी केली नाही. शेवटच्या बसनं परत आलो.