पंधरा आणि अकरा मात्रा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही ठाऊक नाही.

मी तलासरीला कॉलेजात मराठी शिकवतो. वृत्त, यमक, मात्रा — यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मीच सांगत आलोय. राहायला डहाणूत. मूळचा कैनाडच्या पाड्यावरचा, वारली — पण माझं बोलणं ऐकून कुणाला पत्ता लागायचा नाही. लागू नये म्हणून काय थोडी खटपट केली?

त्या वर्षी वर्गात युद्धकविता चालू होती. सविता नावाची मुलगी स्वतःची कविता घेऊन आली, कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी. तिचा भाऊ जान्या फौजेत होता. सीमेवर मारला गेला, त्याला वर्षही झालं नव्हतं. कविता त्याच्यावरच.

जान्या गेला, बूट आले
बूट कोण घालेल

आणि मी काय केलं? फळ्यावर लिहून मात्रा मोजल्या. सगळ्यांसमोर. पंधरा, अकरा. यमक नाही. "ही कविता की सामानाची यादी?" म्हणालो. पोरं हसली.

ती हळूच म्हणाली, "सर, आमच्याकडं धवलेरी असंच गाते."

धवलेरी म्हणजे आमच्यात गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. ओळ आखूड पडली की ती शेवटचा शब्द लांबवते, मागच्या बायका तो उचलून धरतात, ताल भरतो. मला कसं ठाऊक? अहो, माझी आई धवलेरी होती! फळ्यावर लिहितानाच मला चाल ऐकू आली होती. 'घालेल' लांबवलं की ओळ चोख बसत होती — काळीज चिरत. मी नुसती मान डोलवली असती, तरी पुरलं असतं.

पण मग पोरांनी विचारलं असतं, सर, तुम्हाला कसं माहीत? म्हणून म्हणालो, "लग्नातली गाणी लग्नात." लाज वाटली मला — आईची. कविता मी छापली नाही.

पुढच्या वर्षी ती दुसरी घेऊन आली. सोळा-सोळा मात्रा, यमकं घोटीव. वीर, समर, अमर. त्यात जान्या नव्हता. कुणीही कुणावरही लिहावी अशी. मी तिला अंकातलं पहिलं बक्षीस दिलं. आधीचा कागद तिने केव्हाच फाडला होता, दुसरी प्रत नव्हती. मला त्या दोनच ओळी आठवतात.

बक्षिसाची कविता हातात देताना तिने विचारलं होतं, "आता बरोबर आहे ना, सर?"

मी म्हणालो, "बरोबर."